चालू पत्ता टेबलावर असतो का?

'परतीचं जहाज' हा दादाच्या खेळातला पत्ता वहिनीने कपडे वाळत घालताना सुचवला होता. दादा म्हणे चिमटे हातात तसेच धरून उभा राहिला आणि "थांब, पुन्हा सांग" म्हणाला. धाकटीला हे दादानेच सांगितलं. मग तिच्यासमोर आईला सांगितलं, मग फोनवर एका मित्राला, आणि प्रत्येक वेळी चिमट्यांसकट.

दादाचा खेळ बंदराचा होता. सुरुवातीला प्रत्येकाच्या हाती हमालांची आणि होड्यांची सारखीच, साधी गड्डी. आपली पाळी आली की हातातले पत्ते एकेक करून टेबलावर मांडायचे, ज्याच्यावर जे लिहिलं असेल ते करायचं, आणि मधल्या बाजारातून एखादा बरा पत्ता मिळवायचा. पाळी संपली की वापरलेलं आणि मिळवलेलं सगळं आपल्या ढिगात. गड्डी संपली की तो ढीग पिसून त्याचीच नवी गड्डी. त्यामुळे एकदा मिळवलेला पत्ता फिरून फिरून हातात येत राहतो आणि गड्डी हळूहळू आपल्या स्वभावाची होत जाते. शेवटी ज्याच्याकडे मालाच्या पेट्या जास्त, तो जिंकला.

दादा फर्निचरच्या कारखान्यात नकाशे काढायचा. हा खेळ तो धाकटी शाळेत असल्यापासून बनवत होता, जेवणाच्या टेबलावर, जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर; पुठ्ठे धाकटी कापायची. पत्ते दादाचे आणि नियम धाकटीचे, अशी वाटणी आपोआप झाली होती. दोन पत्ते एकमेकांना भिडले की नक्की काय होतं, हे ती ठरवायची. पहिला मोठा तंटा 'दीपगृह' या पत्त्यावरून झाला होता. त्यावर लिहिलं होतं, 'टेबलावर तुझे जितके पत्ते, तितक्या पेट्या घे.' मग दीपगृहाने स्वतःला मोजायचं की नाही? दादा म्हणत होता, नाही. धाकटी म्हणाली, "पत्ता हातातून सुटला ना? मग आता तो कुठे आहे? हवेत आहे का?" त्या दिवसापासून चालू पत्ता टेबलावर धरायचा असं ठरलं, आणि दादा तिला 'पंचबाई' म्हणू लागला. पुढे आईही म्हणू लागली, पण फक्त धाकटी वाद घालत असली की.

सबंध खेळात धाकटीने स्वतः सुचवलेला पत्ता एकच होता. 'ओहोटी'. 'एक पेटी घे. टेबलावरचे तुझे सगळे पत्ते आत्ताच ढिगात टाक.' त्याची प्रतही एकच. बाकी विशेष पत्त्यांच्या दोन-दोन प्रती होत्या.

मग दादाचं लग्न झालं.

वहिनी इस्पितळाच्या औषधविभागात होती. कुठलं औषध कुठल्या औषधाबरोबर द्यायचं नाही, हे तपासणं हे तिचं रोजचं काम. "म्हणजे बघ, हिचं कामच ते!" दादा कौतुकाने म्हणाला होता, जणू हा योगायोग त्यानेच घडवून आणला होता. पहिल्या डावात वहिनीने नियम समजून घेतले. दुसऱ्या डावात तिने एक शंका विचारली. तिसऱ्या डावात दादा आणि धाकटी गोदामाच्या पत्त्यावरून भांडत असताना ती म्हणाली, "पण दोन्ही एकदम होत नाहीयेत ना? आधी पिसणं आहे, मग उचलणं." भांडण संपलं. धाकटीला ते तोंडात मारल्यासारखं लागलं, कारण उत्तर बरोबर होतं आणि लहान होतं.

तेव्हापासून टेबलावर काही अडलं की दादा मान वर करायचा आणि वहिनीकडे बघायचा. पूर्वी तो धाकटीकडे बघायचा. कोन साधारण नव्वद अंशांनी बदलला होता आणि तो बदल धाकटीशिवाय कुणाच्याच लक्षात आला नव्हता. वहिनीने पहिल्याच आठवड्यात "मला अगं-तुगं कर गं" असं सांगितलं होतं. धाकटी अजून तिला 'तुम्ही'च म्हणत होती. त्याला सगळे आदर समजत होते.

आता खेळ छापला जाणार होता. एका छोट्या प्रकाशकाने तो घेतला होता आणि सोमवारी सकाळी पत्त्यांच्या फाइली छापखान्यात जायच्या होत्या. त्याआधीच्याच आठवड्यात धाकटीला नियमांतलं भोक सापडलं.

ती वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. नाजूक काट्यावर वजन ठेवलं की आकडा स्थिर होईपर्यंत नुसतं थांबावं लागतं. जवळ जाऊन श्वाससुद्धा सोडायचा नाही. अशा वेळी ती मनात पत्ते खेळायची. परतीचं जहाज म्हणतं, 'तुझ्या ढिगातले कुठलेही दोन पत्ते हातात घे.' समजा, एक जहाज हातात आहे. दुसरं जहाज आणि ओहोटी ढिगात आहेत. हातातलं जहाज खेळायचं, ढिगातून ते दोन उचलायचे. मग ओहोटी खेळायची. एक पेटी मिळाली. टेबलावरचं सगळं ढिगात. सगळं म्हणजे पहिलं जहाज, आणि चालू पत्ता टेबलावरच असतो म्हणून ओहोटीही. हातात काय उरलं? दुसरं जहाज. ढिगात काय आहे? एक जहाज आणि ओहोटी.

म्हणजे जिथून निघालो तिथेच आलो, फक्त एक पेटी जास्त घेऊन. आणि हे कितीही वेळा करता येतं.

काट्यावरचा आकडा केव्हाच स्थिर झाला होता. धाकटीने तो टिपला नाही. तिला आधी नुसता आनंद झाला, निखळ, एखादं गणित सुटल्यासारखा. तिने फोन काढून दादाचं नाव शोधलं. मग तिचा अंगठा थांबला.

घरात एक जुना दंडक होता. दोन पत्ते असे अडकले आणि सर्वसाधारण नियमाने सुटेनात, तर जो नंतर आला तो बाहेर. पत्त्यावर 'हा सोडून', 'अमुक असेल तर' अशी ठिगळं लावायला दादाचा सक्त विरोध होता. एकाला ठिगळ लावलं की सगळ्यांना लागतं, असं तो म्हणायचा. आणि ओहोटी जुनी होती. जहाज नवं होतं.

तिने फोन परत खिशात ठेवला.

रविवारी दुपारी शेवटचा डाव मांडला. आई सोफ्यावर पाय पसरून विणत होती आणि खेळात आपल्याला अजिबात रस नाही हे दाखवत सगळं ऐकत होती. धाकटीने बाजारातून पहिलं जहाज घेतलं तेव्हा वहिनीने भुवया उंचावल्या.

"अगं बाई! आज माझं जहाज तुझ्याकडे?"

"समोर आलं, घेतलं."

"नाही, इतके दिवस तू त्याच्याकडे बघतही नव्हतीस म्हणून म्हटलं."

"तिला समुद्र लागतो," दादा म्हणाला आणि स्वतःच हसला.

ओहोटी तिच्याकडे आधीच होती. दुसरं जहाज बाजारात यायला वेळ लागला. ते आलं त्या पाळीला धाकटीच्या हातात दोन क्रेन होत्या; दुसऱ्या कुणी त्यांवर भरपूर पेट्या मारल्या असत्या. तिने त्या नुसत्या टाकून जहाज उचललं. "काय खेळतेस गं?" दादा म्हणाला. मग गड्डी फिरली, एक जहाज हातात आलं, बाकीचं जिथे हवं तिथे पडलं, आणि तिने सुरुवात केली.

"जहाज. हे दोन घेतले. ओहोटी, एक पेटी. सगळं ढिगात. जहाज. हे दोन घेतले. ओहोटी, एक पेटी. सगळं ढिगात. जहाज..."

तिसऱ्या फेरीला दादाचा चेहरा बदलला. "थांब, थांब. हे थांबणार कधी?"

"नाही थांबणार."

"म्हणजे?"

"म्हणजे पेट्या संपेपर्यंत. मग तू नव्या पेट्या कापून आण, मी इथेच बसलेय."

आई विणता विणता म्हणाली, "जिंकली का पंचबाई? मग उठा आता, टेबल हवंय मला."

कुणी हसलं नाही. दादाने नेहमीप्रमाणे दोन्ही पत्ते मध्ये ओढले. असा तंटा आला की ज्याचा तोटा होतोय त्याने पत्ते मोठ्याने वाचायचे, ही पद्धतही जुनीच. ज्याचा फायदा असतो तो शब्द गिळतो, हे दोघा भावंडांना अनुभवाने कळलं होतं. जहाज तिचं, म्हणून आता वाचायची पाळी वहिनीवर आली. तिने जहाज वाचलं, ओहोटी वाचली, औषधाच्या पट्टीमागची बारीक अक्षरं वाचावीत तशी, एकही शब्द न गाळता. मग तिने विचारलं, "ओहोटी स्वतःला धरते?"

"धरते," धाकटी म्हणाली. "चालू पत्ता टेबलावर असतो. दीपगृहापासून असंच आहे."

"बरोबर." वहिनीने दोन बोटांनी जहाज उचललं आणि खोक्याच्या झाकणात ठेवलं. "मग हे गेलं."

"अगं, इतक्यात काय!" दादा म्हणाला.

"नियम तुमचाच ना? नवा पत्ता बाहेर. आणि उद्या छपाई आहे."

ती चिडली असती, वाद घातला असता, निदान ओठ तरी आवळले असते, तर धाकटीला कितीतरी बरं वाटलं असतं. वहिनीने दुसरं जहाजही शोधून झाकणात ठेवलं आणि कप गोळा करायला घेतले. दादा तोंड पाडून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेला.

कप उचलताना वहिनी तिच्याजवळ वाकली. "कधी सापडलं?"

"आत्ताच. खेळता खेळता."

"हं." वहिनीने तिच्यासमोरचा कप घेतला. "दोन क्रेन तू फुकट घालवल्यास, तेव्हा मला वाटलंच होतं काहीतरी शिजतंय. हुशारीचं होतं पण. मला नसतं सुचलं."

ती स्वयंपाकघरात गेली. धाकटीचे कान तापले. म्हणजे हिला सगळं दिसलं होतं, आणि तरीही ती टेबलावर गप्प राहिली. का गप्प राहिली, हे शोधायला धाकटीने मनातल्या मनात वाईटातलं वाईट कारण चाचपून पाहिलं. एकही नीट बसेना.

"च्!" कॉम्प्युटरकडून आवाज आला. "इथे दोन भोकं पडली."

पत्ते एका मोठ्या कागदावर ओळीने छापून मग कापायचे होते. जहाजाच्या दोन प्रती काढल्यावर शेवटच्या ओळीत दोन चौकोन पांढरे राहिले होते. दादा खुर्ची मागे ढकलून त्यांच्याकडे बघत बसला. मग एकदम सरळ झाला. त्याचा तो सरळ होण्याचा प्रकार धाकटी लहानपणापासून ओळखत होती.

"एकावर पाळीचा क्रम छापू, थोडक्यात. सोयीचं पडेल. आणि दुसऱ्यावर..." त्याने स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "दुसऱ्यावर हिचं चित्र. धक्क्यावर उभी आहे, हातात कंदील. खाली ओळ: 'जिच्यामुळे हे बंदर पूर्ण झालं, तिला.' कसं वाटतं? पत्ता गेल्याचं वाईट वाटलं असणार तिला, बोलत नाही ती."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. रिकामा चौकोन चांगला मोठा दिसत होता. ज्या ज्या घरात हा खेळ जाईल, त्या त्या घरात कुणीतरी खोकं उघडेल आणि त्याला कंदील घेतलेली वहिनी दिसेल. बंदर पूर्ण झालं! पुठ्ठे कुणी कापले होते? कात्रीने अंगठ्याला घट्टे कुणाच्या पडले होते? जहाज नुसतं जहाज होतं तेव्हा दोन पत्त्यांपुरतं होतं. आता ते बुडून देवघरात बसायला निघालं होतं.

"छान आहे," ती म्हणाली. आणि लगेच, "पण आधी जरा थांब. चित्र काढू नकोस अजून."

"का?"

"जहाज. मला बघू दे."

"अगं, तूच तर आत्ता..."

"बघू दे म्हटलं ना!"

ती टेबलाशी परत आली आणि झाकणातली दोन्ही जहाजं बाहेर काढली. चक्र तोडायला एकच जागा होती. ओहोटीने स्वतःला उचललं नाही, तर ती टेबलावर अडकून राहते, ढिगात जात नाही, मग जहाजाला परत आणायला काही उरत नाही. पण ठिगळ चालणार नव्हतं. ओहोटीवर 'ही सोडून' असं लिहिलं तर दादा ऐकणार नाही. म्हणजे सगळ्याच पत्त्यांसाठी नियम बदलायला हवा. चालू पत्ता आपलं काम पूर्ण करेपर्यंत टेबलावर नसतो. काम संपलं की मग टेबलावर येतो.

तिला हे दिसलं आणि लगेच पुढचंही दिसलं. म्हणजे दीपगृहाच्या तंट्यात दादा बरोबर होता. म्हणजे दीपगृहाने स्वतःला मोजायचं नाही. ज्या एका वाक्यावर ती पंच झाली होती, तेच वाक्य काढून घ्यायचं होतं, आणि कशासाठी, तर परतीच्या जहाजासाठी.

पडद्यावर दादाने कंदिलाचा आकार काढायला सुरुवात केली होती.

"दादा," ती म्हणाली, "चालू पत्ता टेबलावर नसतो."

"आं?"

"काम होईपर्यंत नसतो. काम झालं की येतो. मग ओहोटी स्वतःला उचलत नाही आणि जहाज अडकत नाही. ठिगळ नाही, पत्ता बदलायला नको, नियमावलीतली एक ओळ बदल."

"आणि दीपगृह?"

"एक पेटी कमी मिळेल."

दादाने माउस सोडला. "मी म्हणत होतो तेच?"

"हो, तू म्हणत होतास तेच. नाचू नकोस आता."

"पत्ता मग हवेत असतो?"

"हवेत असतो! असू दे."

आईने विणकाम मांडीवर ठेवलं. "हिने कबूल केलं? कुणीतरी खिडकीतून बाहेर बघा, सूर्य कुठे उगवलाय ते."

आवाज ऐकून वहिनी हात पुसत बाहेर आली. दादाने तिला नवा नियम सांगितला. ती टेबलाशी बसली, तिने जहाज, जहाज, ओहोटी असे पत्ते मांडले, एकदा हळू फिरवून पाहिले आणि क्षणभर थांबली. धाकटीला वाटलं, आता ही काहीतरी शोधणार. शोधावं असंही वाटलं, आणि शोधू नये असंही.

"ओहोटी एकच आहे ना सगळ्या खेळात?" वहिनी म्हणाली. "दोन असत्या तर एकीने दुसरीला उचललं असतं आणि परत तेच सुरू झालं असतं."

धाकटीने हे पाहिलंच नव्हतं. तिने झटकन मनात फिरवून पाहिलं. खरं होतं. "एकच आहे," ती म्हणाली.

"मग सुटलं."

"दीपगृह तसंही जरा जोरातच होतं," दादा म्हणाला. त्याने कंदील पुसून टाकला आणि दोन्ही चौकोनांत जहाजं परत आणली. पुसताना त्याला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. दादाला गोष्टी जशा सुचायच्या तशाच तो त्या विसरायचाही. मग त्याने नियमावली उघडली. "वा! दोघींनी मिळून सोडवलंत. मी लिहितो तसं शेवटी. 'नियम : पंचबाई आणि...'"

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. 'आणि'पुढे कर्सर उघडझाप करत होता. नियमांची जागा ही तिची एकटीची जागा होती. ती वाचवण्यासाठी तिने आत्ता आपलं सगळ्यात जुनं वाक्य गमावलं होतं, आणि तरी तिथे 'आणि' आलाच होता.

"मिळून कुठे?" वहिनी म्हणाली. ती पत्ते गोळा करत होती, वर न बघता. "मी तर पत्ता झाकणात ठेवून मोकळी झाले होते. भोक तिनेच शोधलं, बुजवलंही तिनेच. खोड तो 'आणि'."

"नक्की?"

"खोड रे."

दादाने तो खोडला. ओळीत 'नियम : पंचबाई' एवढंच उरलं, अगदी जसं हवं होतं तसं.

धाकटी ते वाचत उभी राहिली. तिला राग यायला हवा होता आणि राग धरायला कुठे काही सापडत नव्हतं. निदान थोडासा हेवा तरी या बाईने करायला हवा होता. तेवढं तरी तिने आपल्यासाठी ठेवायला हवं होतं.